‘ताई, तुम्ही बाहेरच बसा’

आमच्या गावात मोठं सुपरमार्केट सुरू झालं त्याला आता दीड वर्ष होईल. गाव तालुक्याचं. एस.टी. स्टँड, मार्केट यार्ड, दोन कॉलेजं आणि तीन थिएटरं, त्यातली दोन बंद पडलेली. त्यामुळे सुपरमार्केटचं अप्रूप विचारू नका. उद्घाटनाच्या दिवशी फुगे, स्पीकर, दारात भली मोठी रांगोळी आणि साखर बाजारभावापेक्षा किलोमागे चार रुपयांनी स्वस्त. आमची अख्खी भिशी त्या दिवशी तिथे हजर होती. मी चहा पावडर आणायला म्हणून गेले आणि येताना पायपुसणी, काचेच्या बरण्या आणि नूडल्सचे सहा पुडे घेऊन आले. चहा पावडर राहिलीच.

त्या संध्याकाळी वन्संनी माझ्याकडून सगळं खोदून खोदून विचारून घेतलं. मांडणी कशी आहे, डाळी सुट्ट्या मिळतात की पाकिटात, साबण हातात घेऊन वास बघता येतो का, कपड्यांचा विभाग वेगळा आहे का. शेवटी म्हणाल्या, ‘‘मला एकदा जायचंय गं तिथे.’’

वन्सं म्हणजे माझ्या थोरल्या नणंदबाई. वय बावन्न, शाळेत शिक्षिका. दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला, तेव्हा घरोघर डोस पोहोचलेले नव्हते. उजव्या पायात कॅलिपर आणि काखेत दोन कुबड्या, बाजूला दोन जादा चाकं लावलेली स्कूटी. आपला देश पोलिओमुक्त झाल्याचं २७ मार्च २०१४ रोजी जाहीर झालं, ही फार मोठी गोष्ट झाली. पण त्याआधी ज्यांना तो होऊन गेला ती माणसं काही त्या दिवशी नाहीशी झाली नाहीत. ती चाळिशी-पन्नाशीत आहेत, नोकऱ्या करतात, घरं चालवतात आणि त्यांनाही महिन्याचा किराणा लागतो.

आता सुपरमार्केटचं त्यांना एवढं काय कौतुक, असं मलाही वाटलं होतं. त्यांचं वाण्याचं दुकान ठरलेलं. पंचवीस वर्षांचं खातं. दुकानाला तीन उंच पायऱ्या आणि वर ओटा, त्यामुळे वन्सं खाली स्कूटीवरच थांबायच्या. दुकानातला मुलगा धावत खाली यायचा, चिठ्ठी घ्यायचा, सामान आणून पुढच्या जागेत ठेवायचा. शेटजी वरून हात करून चौकशी करायचे. किती आपुलकी, असं आम्ही सगळे म्हणायचो. आणि ती होतीही, त्यात खोटं काही नाही.

पण वन्संनी त्याची दुसरी बाजू सांगितली तेव्हा मी गप्प झाले. पंचवीस वर्षांत त्यांनी एकही डाळ स्वतःच्या हाताने पारखून घेतलेली नव्हती. मुलगा देईल ती तूरडाळ, मुलगा देईल तो गूळ. गूळ काळा निघाला तर परत कोण आणि कसं नेणार, म्हणून तोच खायचा. आणि तरुणपणी दर महिन्याला सॅनिटरी पॅडची चिठ्ठी त्या पोराच्या हातात द्यायची. ते पोर ओट्यावर उभं राहून मोठ्याने वाचायचं, मग शेटजी रद्दी पेपरात गुंडाळून खाली पाठवायचे. आजूबाजूला गिऱ्हाइकं उभी. ‘‘मी पुढे पुढे चिठ्ठीत त्या जागी नुसती फुली काढायचे,’’ वन्सं म्हणाल्या, ‘‘तर एकदा तो वरून ओरडला, बाई, फुली म्हणजे काय?’’ हे सांगताना त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

तेव्हा ‘आपला हात जगन्नाथ’ अशा दुकानाची ओढ कुणाला असेल तर ती वन्संना. आपल्याला सुपरमार्केट म्हणजे एसीची हवा आणि एकावर एक फ्री. त्यांना ते कुणाला काही न मागता, न सांगता, फळीवरची वस्तू स्वतः उचलून बघण्याचं ठिकाण वाटत होतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघी गेलो. यादी त्यांनी केली होती. फराळाचं सामान, दोन सुती नाइटी, आणि शाळेतल्या मावशींसाठी उटणं-साबणाची पेटी.

पहिली अडचण पार्किंगची. स्कूटीला जादा चाकं असल्यामुळे जागा जास्त लागते. तिथला माणूस म्हणाला, ‘‘ही गाडी अशी लावू नका, दोन गाड्यांची जागा खाते.’’ मग रस्त्याच्या पलीकडे लावली आणि त्या दिवाळीच्या गर्दीतून वन्संनी रस्ता ओलांडला. पुढे दाराशी चार पायऱ्या, संगमरवरी गुळगुळीत, कठडा नाही. ज्यांना कुबड्या घेऊन चालावं लागत नाही त्यांना गुळगुळीत पायरी म्हणजे काय ते कळायचं नाही. कुबडीच्या खालचं रबर झिजलेलं असलं की ती बर्फावरून गेल्यासारखी सरकते. त्या चढल्या. मी मागे हात धरून, म्हणजे हात न लावता, नुसती तयार राहून. त्यांना मागून धरलेलं आवडत नाही, तोलही जातो.

वर गेलो तर ट्रॉल्या बाहेर जाऊ नयेत म्हणून दारात लोखंडी दांडे रोवलेले. माणूस आडवा होऊन निघेल एवढीच फट. दोन कुबड्यांसकट निघणं शक्य नव्हतं. वन्संनी एक कुबडी माझ्याकडे दिली आणि एका कुबडीवर, दांड्याला धरून आत पाऊल टाकलं. तेवढ्यात सिक्युरिटीवाला आला. खांद्याला अडकवलेली पिशवी काउंटरवर जमा करा म्हणाला. हात दोन्ही कुबड्यांवर असतात, म्हणून पैसे, चष्मा, मोबाइल, औषध सगळं त्या खांद्यावरच्या पिशवीतच असतं. वन्संनी ते शांतपणे समजावून सांगितलं. त्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्ही घेऊन या ना सामान. ह्यांना कशाला त्रास? गर्दीत धक्का लागला, पडल्या, तर जबाबदारी आमच्यावर येते.’’ आणि वन्संकडे वळून अगदी मऊ आवाजात, ‘‘ताई, तुम्ही बाहेरच बसा. खुर्ची देतो.’’

खुर्ची त्याने खरंच आणली. स्वतःची प्लास्टिकची खुर्ची. ती पायरीजवळ ठेवली आणि पदराने पुसावी तशी रुमालाने पुसली. तो उद्धट असता तर भांडता तरी आलं असतं.

मागे रांग तुंबली होती. कुणी म्हणालं, बिचाऱ्या. कुणी म्हणालं, चला ना लवकर. वन्संनी माझ्या हातातली कुबडी घेतली, वळल्या आणि त्या चार पायऱ्या उतरल्या. उतरणं चढण्यापेक्षा अवघड असतं. खुर्चीवर त्या बसल्या नाहीत.

परत येताना मी त्या सिक्युरिटीवाल्यावर, मालकावर, सगळ्या जगावर तोंडसुख घेत होते. वन्सं गप्प. घरी आल्यावर चहा घेताना म्हणाल्या, ‘‘तो नवीन काय बोलला गं? तू गेली वीस वर्षं हेच म्हणतेस. वन्सं, तुम्ही कशाला येता, मी आणते ना.’’

मैत्रिणींनो, खरं सांगते, हातातला कप खाली ठेवावा लागला. कारण ते खरं होतं. लग्नं, बस्ते, जत्रा, अगदी त्यांच्या स्वतःच्या साड्यासुद्धा. ‘तुम्ही रंग सांगा, मी आणते.’ मी ते प्रेमानेच म्हणायचे. थोडं माझ्या सोयीनेही म्हणायचे, हे आता कबूल करते. त्यांना घेऊन जायचं म्हणजे वेळ जास्त लागतो, रिक्षा बघावी लागते, लोक बघतात. मदत केल्याचं पुण्यही पदरात आणि वेळही वाचला.

दिवाळी झाल्यावर मी आणि वन्सं मिळून एक अर्ज लिहिला. भाषा त्यांची, अक्षर त्यांचं. मी घेऊन गेले. मॅनेजर म्हणजे तिशीतला मुलगा, बोलायला चांगला. पाणी दिलं, अर्ज वाचला. म्हणाला, ‘‘मॅडम, दीड वर्षात तसे कस्टमर आमच्याकडे आलेलेच नाहीत.’’

आता याला काय म्हणावं? दारात पायऱ्या आहेत म्हणून ते येत नाहीत आणि ते येत नाहीत म्हणून पायऱ्या आहेत. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली होती, त्यातले सुमारे २९ लाख ६३ हजार आपल्या महाराष्ट्रात. ही नोंदसुद्धा मोजकेच प्रकार धरून झालेली. ही सगळी माणसं जेवतात, अंघोळीला साबण वापरतात. ती दुकानात दिसत नसतील तर दुकानदाराला कोडं पडायला हवं, की गेली कुठे?

मग म्हणाला, जागा भाड्याची आहे, मूळ मालकाला विचारावं लागेल, रॅम्पला जागा नाही. बोलता बोलता मी खिडकीतून मागच्या बाजूला पाहत होते. तिथे ट्रक लागला होता आणि हमाल हातगाडीवरून तांदळाची पोती आत ढकलत होते. छान लांबलचक, खरबरीत सिमेंटचा उतार. मी म्हटलं, ‘‘हा काय रॅम्प!’’ तर म्हणाला, ‘‘तो मालासाठी आहे, मॅडम.’’

उताराचं गणित काही फार अवघड नाही. एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी, म्हणजे चाकाची खुर्ची वापरणाऱ्याला दमछाक न होता चढता येतं आणि उतरताना खुर्ची सुसाट सुटत नाही. पुढच्या चार पायऱ्या धरा दोन फूट उंच. चोवीस फूट उतार लागेल, तो मध्ये वळवून घेता येतो. दोन्ही बाजूंना कठडा आणि दार साधारण तीन फूट मोकळं. दुकानासमोर नाणं टाकून हलणारे लहान मुलांचे दोन घोडे, कुंड्यांची रांग आणि स्कीमच्या पाटीचा मंडप एवढं सगळं मावतं. चोवीस फूट मात्र मावत नाहीत.

याबाबत कायदा काय सांगतो, ते वन्संनी शोधून काढलं. शिक्षिकेला कुणी फक्त ‘नियम नाही’ म्हणून दाखवावं! आपल्याकडे अपंगांसाठीचा पहिला मोठा कायदा १९९५ सालचा. गंमत म्हणजे ब्रिटनमध्येही अपंगांशी भेदभाव करण्याविरुद्धचा कायदा त्याच वर्षी झाला. तिकडे आता बऱ्याच मोठ्या दुकानांत ट्रॉली जोडलेल्या चाकाच्या खुर्च्या असतात, आणि आपल्याकडे... असो. १९९५च्या कायद्याच्या जागी आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ आला. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले, एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्यात ‘सार्वजनिक इमारत’ म्हणजे फक्त सरकारी कचेरी असं म्हटलेलं नाही. लोकांचा वावर असलेली खासगी इमारतसुद्धा त्यात येते, आणि व्यापारासाठी वापरली जाणारी इमारत तर नाव घेऊन आलेली आहे. नवीन बांधकाम सुगम्यतेच्या नियमांत बसत नसेल तर त्याला परवानगी द्यायची नाही, पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही, हे कलम ४४. जुन्या इमारती पाच वर्षांत सुधारायच्या, हे कलम ४५. नियम निघाले जून २०१७ मध्ये. हिशोब तुम्हीच करा.

नियम पहिल्यांदा मोडला तर दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुन्हा मोडला तर पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला चांगलंच सुनावलं की, तुमचे सुगम्यतेचे नियम नुसत्या शिफारशींसारखे आहेत. त्यातला किमान सक्तीचा भाग वेगळा काढून तीन महिन्यांत तसे नियम करा. म्हणजे ‘जमलं तर करा’ हा मामला न्यायालयालाही मान्य नाही.

पण आमच्या नगरपालिकेत मी चौकशीला गेले तेव्हा बांधकाम विभागातल्या साहेबांनी विचारलं, ‘‘तुम्हाला स्वतःला काही त्रास आहे का?’’ म्हटलं, नाही, माझ्या नणंदेला. ‘‘मग त्यांना येऊ द्या.’’ बांधकाम विभाग दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, नाहीतर मी एकाच बाजूने लिहिलं असं होईल. या सगळ्यात मला त्या दुकानातल्या मुलामुलींचा राग धरवत नाही. ती आपल्याच गावातली पोरं आहेत. काउंटरवरच्या मुलीची आई माझ्या ओळखीची आहे. सकाळी नऊला उभी राहते ती रात्री नऊला घरी, मधली जेवणाची सुट्टी सोडली तर सगळा वेळ उभ्याने. बसायला साधं स्टूल नाही, कारण बसलेली मुलगी गिऱ्हाइकाला आळशी वाटते म्हणे. केरळात कापड दुकानांतल्या बायका या एका स्टुलासाठी लढल्या आणि २०१८ मध्ये तिथल्या सरकारला दुकानांच्या कायद्यात बसण्याचा हक्क घालावा लागला. तामिळनाडूनेही २०२१ मध्ये तसं केलं. त्या सिक्युरिटीवाल्याने आमच्यासाठी आणलेली खुर्ची ही त्या अख्ख्या दुकानातली, गिऱ्हाइकांसाठी किंवा नोकरांसाठी, एकमेव खुर्ची होती, हे मला नंतर कळलं.

आणि त्यांना कुणी शिकवलंय काय? मॅनेजरने स्वतः सांगितलं की पहिले तीन दिवस ट्रेनिंग होतं. त्यात हसून ‘नमस्ते’ कसं म्हणायचं, चोरी कशी ओळखायची आणि कार्डाचं मशीन कसं चालवायचं एवढंच. अंध माणूस आला तर त्याचा हात ओढायचा नाही, आपला कोपर त्याला धरू द्यायचा, हे नाही. कर्णबधिर मुलीशी बोलताना तोंड खाली घालून बिल बघत बोलायचं नाही, समोर बघून बोलायचं, हे नाही. आणि सगळ्यात साधी गोष्ट, जो गिऱ्हाईक आहे त्याच्याशीच बोलायचं, बरोबरच्या माणसाशी नाही, हेही नाही. ‘ह्यांना कॅरीबॅग हवी का?’ हा प्रश्न आयुष्यात किती वेळा आपल्या डोक्यावरून दुसऱ्याला विचारला गेला, याची गणती वन्संनी कधीच सोडून दिली आहे.

आमच्या भिशीत हा विषय काढला तेव्हा एकेक गोष्टी निघत गेल्या. एकीचे दीर अंध आहेत, बँकेत नोकरीला. काउंटरवरच्या कार्ड मशीनला पूर्वी बटणं असायची, ती बोटाने कळायची. आता काचेसारखा सपाट पडदा. त्यांना आपला पिन नंबर तोंडाने सांगावा लागतो, रांगेसमोर. बँकवाले आपल्याला सांगतात, पिन कुणालाही सांगू नका. आणि हे स्वतः बँकेतले! दुसरीच्या शेजारणीचा मुलगा स्वमग्न आहे. दिसायला गोरागोमटा, धडधाकट. त्याला तिथलं मोठ्या आवाजातलं गाणं आणि सारखी होणारी अनाउन्समेंट सहन होत नाही, तो कान दाबून जमिनीवर बसतो. लोक आईला म्हणतात, ‘लाडावून ठेवलंय.’ तिने पोराला घेऊन दुकानात जाणंच बंद केलं. इंग्लंडमधल्या एका सुपरमार्केट साखळीने २०१८ पासून आठवड्यातला एक तास असा ठेवला की गाणी बंद, दिवे मंद, अनाउन्समेंट नाही. या तासाला कंपनीला खर्च किती आला असेल? उलट विजेचे पैसे वाचले असतील.

आमच्यातल्याच एकीने एक शंका काढली, तीही सांगते. ‘‘अगं, आता फोनवर सगळं घरपोच येतं. मग कशाला दुकानात जायचा हट्ट?’’ मी उत्तर देणार तोच वन्संच म्हणाल्या (त्या दिवशी भिशी त्यांच्या घरी होती), ‘‘तू का जातेस मग?’’ ती म्हणाली, ‘‘मला बाहेर पडायला बरं वाटतं.’’ ‘‘मग?’’ वन्सं म्हणाल्या आणि सगळ्यांना पोहे वाढायला लागल्या.

अर्जाचं पुढे काय झालं, ते विचाराल. मॅनेजरने दारातला एक लोखंडी दांडा काढला. आता कुबड्यांसकट जाता येतं, चाकाची खुर्चीही जाईल. पार्किंगमध्ये एका चौकोनात पिवळ्या रंगाने खुर्चीचं चित्र काढून घेतलं. त्यात बहुतेक वेळा कुणाची तरी बुलेट उभी असते, पण चित्र आहे. पुढच्या पायऱ्यांना उतार अजून नाही. मूळ मालक मुंबईला असतात. वन्संनी पुण्याच्या दिव्यांग आयुक्त कार्यालयाकडे रजिस्टर पोस्टाने तक्रार पाठवली आहे, पोच आली आहे. नगरपालिकेकडे माहितीच्या अधिकारात त्या इमारतीचा पूर्णत्वाचा दाखला मागितला आहे. तो अर्ज मी एकटीने दोन मजले चढून दिला.

तोवर मॅनेजरने एक तोड काढली. मागचा मालाचा उतार आम्हाला खुला केला.

संक्रांतीच्या आधी आम्ही दोघी पुन्हा गेलो. मागच्या दाराने. कांद्याची पोती, तेलाचे डबे, मध्ये हमालांची ये-जा. ‘‘मी काय पोतं आहे का गं?’’ वन्सं म्हणाल्या, पण चढल्या. खरबरीत सिमेंटवर कुबडी घट्ट बसत होती. तोच सिक्युरिटीवाला तिथे होता. पिशवीचं त्याने काही विचारलं नाही. ‘‘सरका रे, सरका,’’ करत हमालांना बाजूला केलं, मला जरा जास्तच ओरडल्यासारखं वाटलं, पण असू दे.

आत गेल्यावर मी ट्रॉली ढकलत होते आणि वन्सं पुढे. तिळाची तीन पाकिटं त्यांनी उजेडात धरून पाहिली. गुळाच्या ढेपेला नखाने टोकरून पाहिलं, कुणाचं लक्ष नाहीसं बघून. नाइटीच्या विभागात त्यांनी हात फिरवला नाही असं एकही कापड उरलं नाही. साबणांपाशी तर वीस मिनिटं. एकेक वडी उचलायची, नाकाशी न्यायची, परत ठेवायची. मला घरी स्वयंपाक होता. मी दोनदा घड्याळ पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा त्या न वळता म्हणाल्या, ‘‘तुला घाई असेल तर तू बाहेर बस. मी आणते.’’

काउंटरवर तीच ओळखीची मुलगी होती. अजून उभीच. तिने बिल केलं, माझ्याकडे पाहिलं, मग काहीतरी आठवल्यासारखी वन्संकडे वळली.

‘‘मावशी, कॅरीबॅग हवी?’’

‘‘नको,’’ वन्सं म्हणाल्या, ‘‘पिशवी आहे माझी. आणि हे बघ, गुळाचे दोन रुपये जास्त लावलेस. पाटीवर वेगळा भाव आहे.’’